वाचणं आणि वाचवणं

अनुवादकाकडे येणारा सगळ्यांत अवघड मजकूर म्हणजे भिंतीवर लावायची सूचना. कादंबरीत एखादी छटा निसटली तर पुढच्या पानावर ती भरून काढता येते. सूचनेत शब्दच मोजून चार असतात, आणि ती ज्यांनी वाचायची ती माणसं हातात बादली घेऊन घाईत चाललेली असतात. हैदराबादेतल्या एका महाविद्यालयात मी आठवड्यातून दोन दिवस अनुवादाचा ऐच्छिक विषय शिकवते. दोन वर्षांपूर्वी तिथून माझ्याकडे अशा दहा सूचना आल्या. १४ डिसेंबरच्या राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिनाला मुलींच्या वसतिगृहात त्या लावायच्या होत्या. वसतिगृहात आदिलाबाद, निजामाबाद, नांदेड, बिदर, कलबुर्गी अशा ठिकाणच्या मुली राहतात, म्हणून सूचना तेलुगू, हिंदी, कन्नड आणि मराठीत हव्या होत्या. मूळ मजकूर अर्थातच इंग्रजीत होता. मराठी माझ्याकडे आणि बाकीच्या भाषा माझ्या वर्गातल्या मुलींकडे, अशी वाटणी झाली.

पहिली ओळ ‘सेव्ह इलेक्ट्रिसिटी’. ‘वीज वाचवा’ असं लिहून मी पुढच्या ओळीकडे वळलेही होते. पण वर्गात सगळ्या भाषा फळ्यावर शेजारी शेजारी मांडल्या आणि तास तिथेच संपला. तेलुगूत ‘आदा चेयंडी’. आदा म्हणजे खर्चातून मागे राहिलेली बचत. कन्नडमध्ये ‘उळिसि’. ‘उळि’ म्हणजे उरणं, तेव्हा ‘उळिसि’ म्हणजे उरवा. तमिळ आम्हाला नको होतं, पण एका मुलीची आई तमिळ. तिनं ‘सेमिप्पोम्’ सांगितलं. त्यात साठवणं आहे, आणि शेवटचा ‘ओम्’ म्हणजे आपण सगळे मिळून, ‘साठवू या’. मल्याळममध्ये ‘लाभिक्कू’, त्यात आपला ‘लाभ’ सरळच दिसतो. प्रत्येक भाषेनं विजेकडे वेगळ्या खिशातून पाहिलेलं. एका बाबतीत मात्र सगळ्या बहिणी एक: वीज नसते तेव्हा ती ‘जाते’. तेलुगूत ‘करंट पोयिंदि’, कन्नडमध्ये ‘करंट होय्तु’, मराठीत ‘लाइट गेली’. कुठे जाते, हे कोणतीच भाषा सांगत नाही.

माझं मत कन्नडकडे झुकलं. तारेतली वीज साठत नाही. ती ज्या क्षणी तयार होते त्याच क्षणी वापरली जाते. आपण दिवा बंद करतो तेव्हा वीज कुठल्या कोठीत जाऊन पडत नाही. दूरच्या केंद्रात तेवढा कोळसा कमी जळतो, इतकंच. कोळशाच्या एका युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. दिवा बंद केला तर तो जात नाही आणि कोळसा उरतो. तेव्हा ‘उरवा’ हाच खरा शब्द. विज्ञान शाखेतल्या एका मुलीनं आणखी एक पेच टाकला. शाळेत ऊर्जा अक्षय्यतेचा नियम शिकवला, ऊर्जा नष्टच होत नाही म्हणून सांगितलं. मग तिचं संवर्धन करायचं म्हणजे काय करायचं? उत्तर तिचं तिनंच शोधलं. ऊर्जा नष्ट होत नाही, पण निरुपयोगी होते. पंख्याची मोटार तापून जी उष्णता खोलीत सोडते ती असतेच, पण ती गोळा करून पुन्हा पंखा फिरवता येत नाही.

मराठीकडे आमची गाडी शेवटी आली. नांदेड जिल्ह्यातली एक मुलगी म्हणाली, “मॅडम, आमच्या शाळेत ग्रंथालयाच्या भिंतीवर ‘वाचाल तर वाचाल’ लिहिलेलं होतं. मग ‘वीज वाचवा’ म्हणजे विजेला वाचायला बसवा?” वर्ग हसला. तेलुगू मुलींना समजावून सांगावं लागलं की मराठीत पुस्तक वाचणं, अपघातातून वाचणं आणि पैसे वाचणं यांना एकच क्रियापद आहे. पुस्तकाचं वाचणं आणि जिवाचं वाचणं यांची मुळं वेगळी, पण मराठीत येईपर्यंत दोघांचा चेहरा एक झालेला. त्या दिवशी ही नुसती गंमत होती. पुढच्या आठवड्यात तिचा विषय झाला.

तिकडे जाण्याआधी गच्चीवर जाऊन यायला हवं, कारण ही सगळी मोहीम तिथून सुरू झाली. महाविद्यालयाच्या मुख्य इमारतीवर ५० किलोवॉटचा सौर संच बसला होता. एका किलोवॉटला सावली न पडणारी साधारण १० चौरस मीटर जागा लागते, म्हणजे जवळजवळ सगळी गच्ची त्यानं व्यापली. आमच्याकडे एका किलोवॉटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरतात. म्हणजे रोजची २०० युनिट. कारणं सरळ होती. बिल कमी होतं, आणि नॅकच्या सातव्या निकषात पर्यायी ऊर्जा आणि ऊर्जा बचतीच्या सोयी विचारलेल्या असतात: सौर ऊर्जा आहे का, एलईडी दिवे आहेत का, सेन्सर आहेत का. गुणांसाठी केलेलं काम खोटं असतं असं मी मानत नाही. गुणांसाठी लावलेलं झाडही सावली देतं.

महाविद्यालय आणि सूर्य यांचं तसं जमतं. तास दहाला सुरू होतात, चारला संपतात. सूर्याची कामाची वेळही जवळपास तीच. कार्यालयात पगार घेऊन बसावं तसे ते पत्रे दक्षिणेकडे तोंड करून बसलेले असतात. पण वर्षाचा हिशेब जुळत नाही. दख्खनमध्ये सगळ्यांत जास्त वीज मार्च ते मे या महिन्यांत मिळते. कडक उन्हानं पॅनेल तापतात, तापले की त्यांची क्षमता थोडी घसरते, तरीही एकूण उत्पादन वरचढच राहतं. आणि ऐन त्या दिवसांत वर्ग रिकामे असतात. ती वीज नेट मीटरमधून बाहेर जाते. कागदावर ती वीज कंपनीला जाते. प्रत्यक्षात वीज जवळच्या जवळच वापरली जाते. रविवारी दुपारी आमच्या गच्चीवरची वीज मागच्या गल्लीतल्या घरांचे पंखे फिरवते. त्या घरांना हे कुणी सांगितलेलं नाही.

दुसरी एक गोष्ट मुलींना फार लागली होती. संच बसल्यावर पंधरा दिवसांत भर दुपारी लाइट गेली आणि सगळं बंद पडलं. डोक्यावर ऊन, छतावर सोलर, आणि वर्गात अंधार. इलेक्ट्रिशियनला सगळे अन्ना म्हणतात. त्यांनी सांगितलं की बॅटरी नसलेला संच लाइनमधली वीज गेली की आपणहून बंद होतो. तो चालू राहिला तर ‘लाइन बंद आहे’ असं समजून खांबावर चढलेल्या माणसाला झटका बसेल. मला हे फार आवडलं. आपल्या डोळ्यांना जो बिघाड दिसतो, तो कुणाच्या तरी जिवासाठी घातलेला नियम असतो. नियम कशासाठी आहे हे विचारलं पाहिजे, हे तेव्हा मुलींच्याही लक्षात आलं असावं.

आता दहावी सूचना. ‘रात्री ११ वाजता खोल्यांमधले सर्व दिवे बंद करावेत. ऊर्जा वाचवा, पृथ्वी वाचवा.’ अकराला दिवे बंद हा वसतिगृहाचा जुना नियम. पूर्वी त्याचं कारण शिस्त होतं. आता तोच नियम हिरव्या कागदावर, सूर्याच्या चित्राखाली आला होता. मी ओळ मराठीत करून ठेवली. मग मुलांच्या वसतिगृहासाठीची फाईल आली. मजकूर तोच, भाषांतर फक्त चिकटवायचं होतं. तौलनिक साहित्यात एम.ए. करताना जी सवय हाडात मुरते ती म्हणजे दोन पाठ शेजारी ठेवून ओळ ओळ ताडून पाहणं. त्यातून माझ्या हाती आयुष्यात फार मोठे शोध लागले नाहीत, पण त्या दिवशी एक लागला. मुलांच्या फाईलमध्ये नऊच सूचना होत्या.

मी वर्गात काही न बोलता दोन्ही मजकूर वाटले आणि फरक शोधा म्हटलं. दोन मिनिटांत सापडला. खोलीत शांतता पसरली, आणि मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. दिवे बंद झाल्यावर काय करता, या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक नव्हतं. पॅसेजमधला दिवा सुरक्षेसाठी रात्रभर चालू असतो. मुली त्याखाली फरशीवर ओळीनं बसून वाचतात. काही जणी मोबाईलच्या उजेडात. महाविद्यालयाचं ग्रंथालय आठला बंद होतं. संध्याकाळी शिकवण्या घेणाऱ्या, दुकानात काम करणाऱ्या मुली नऊला परततात, जेवतात, आणि अभ्यासाला बसतात तो अकरा वाजतात.

नांदेडची मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मॅडम, आमच्याकडं शेताला लाइट रात्री येते. आठवड्यातले काही दिवस रात्रपाळीच. बाबा बॅटरी घेऊन पाणी द्यायला जातात, आणि आई ते येईपर्यंत जागी असते. गावात सोलर येणार म्हणाले तेव्हा सगळ्यांना एकच कळलं, दिवसा लाइट मिळणार. म्हणजे बाबा रात्री झोपणार. इथं सोलर आलं तर मला रात्री झोपायला सांगतात.”

शेजारी आदिलाबादची मुलगी बसली होती. दोघींच्या गावांमधून एकच नदी, पैनगंगा, वाहते, पण राज्यं दोन. तेलंगणात १ जानेवारी २०१८ पासून शेतीला चोवीस तास मोफत वीज आहे. महाराष्ट्रात शेतीचे फीडर सौर ऊर्जेवर आणून दिवसा वीज देण्याची योजना २०१७ मध्ये सुरू झाली आणि टप्प्याटप्प्यानं पुढे सरकते आहे. आदिलाबादच्या मुलीला शेतातली रात्रपाळी म्हणजे काय ते विचारावं लागलं. एका बाकावर बसलेल्या दोघींना ‘रात्र’ हा शब्द एकमेकींसाठी समजावून द्यावा लागला.

रागावून चालणार नव्हतं. दहाव्या सूचनेत तथ्य असण्याची शक्यता होती. सूर्य मावळल्यावर वसतिगृहात जळणारं प्रत्येक युनिट बव्हंशी कोळशाचं असतं. दुपारच्या युनिटपेक्षा ते पृथ्वीला महाग पडतं. तेव्हा रात्रीची बचत जास्त मोलाची, हा मुद्दा खराच आहे. किती मोलाची, ते मोजायला हवं होतं. मुलींनी मोजलं.

वसतिगृहात ६० खोल्या. प्रत्येकीत २० वॅटची एक एलईडी ट्यूब. सगळ्याच्या सगळ्या खोल्यांमधल्या मुली रात्री अकरा ते दोन वाचत बसल्या, तरी होतात ३.६ युनिट. प्रत्यक्षात वीसेक खोल्या एकपर्यंत जाग्या राहतात, म्हणजे ०.८ युनिट. त्याशेजारी दुसरा आकडा मांडला तो सभागृहाचा. तिथे दोन टनांचे चार एसी आहेत. पाहुणे येण्याआधी तासभर ते चालू करून ठेवतात, आणि पाहुणे नेहमीप्रमाणे तासभर उशिरा येतात. रिकाम्या खुर्च्या गार करण्यात तासाला सहा ते आठ युनिट. दुसरा आकडा पंख्यांचा. वर्गांमधले दोनशे जुने पंखे ७५ वॅटचे आहेत. आता ३० वॅटच्या आत तेवढाच वारा देणारे बीएलडीसी पंखे मिळतात. रोज सहा तास धरले तर बदलानं दिवसाला ५४ युनिट उरतात. म्हणजे जाग्या खोल्यांच्या दोन महिन्यांहून जास्त रात्री, एका दिवसात.

सगळ्यांत महत्त्वाचा आकडा मात्र कुठल्याच तक्त्यात नव्हता. तो जागणाऱ्या मुलींच्या कानांत होता. “मॅडम, अकराला दिवे बंद होतात आणि मोटार सुरू होते,” एकजण म्हणाली. “मग रोज पाऊण तास गच्चीवरून पाणी पडतं. झोपलेल्यांना ऐकू येत नाही.” रखवालदार मोटार लावून फाटकाकडे जातो, टाकी भरून वाहत राहते, आणि तो फेरी संपवून येतो तेव्हा बंद होते. पाच अश्वशक्तीची मोटार तासाला साधारण चार युनिट घेते. पाऊण तासाची तीन. वर पाणी वाया जातं ते वेगळंच, तेही हैदराबादेत, जिथे उन्हाळ्यात टँकरमागे माणसं धावतात. अन्नांना विचारलं तर ते हसले. त्यांच्या दखनीत म्हणाले, “लाइटां कित्ता खाते मॅडम? मोटर खाती.” टाकीत काहीशे रुपयांचा फ्लोट स्विच बसवला की मोटार आपली आपण बंद होईल. आणि रात्री अकराऐवजी दुपारी बाराला लावली, तर पाणी चढवायला कोळसा लागणारच नाही, गच्चीवरचं ऊनच ते काम करील. सौर ऊर्जा बसवणं म्हणजे पत्रे लावणं एवढंच आपण समजतो. कामं उन्हाच्या वेळेत सरकवणं हा तिचा अर्धा भाग, आणि त्याला पैसेही लागत नाहीत.

हे सगळं घेऊन मी आणि चार मुली प्राचार्यांकडे गेलो. वॉर्डन मॅडमही होत्या. त्यांच्याविषयी सोपं मत करून घेऊ नये. “मुली रात्री जागतात, मग पालक मला फोन करतात. मुलांच्या पालकांचे फोन येत नाहीत,” त्या म्हणाल्या. हे खरं होतं, आणि ती त्यांची एकटीची चूक नव्हती. पण मग सूचनेवर तसं लिहायला हवं: पालक काळजी करतात म्हणून दिवे बंद करा. त्यावर निदान बोलता तरी येतं. पृथ्वीच्या नावानं दिलेल्या आज्ञेला उलट कोण बोलणार?

मी अनुवादक म्हणून एकच मुद्दा मांडला. या दहा वाक्यांपैकी प्रत्येक वाक्य आज्ञार्थी आहे: बंद करा, टाळा, वापरू नका. कर्ता प्रत्येक वेळी मुली. महाविद्यालय ज्याचा कर्ता आहे असं एकही वाक्य नाही. मराठीत दहा वेळा ‘करा’ लिहिताना ते मला दिसलं. इंग्रजीत ते दिसत नव्हतं, कारण तिथे आज्ञार्थाला वेगळा प्रत्यय लागत नाही. वर्गात ऐकलेला तमिळचा ‘ओम्’ मी तिथे काढला, ‘आपण करू या’. आणि त्याआधी ‘आम्ही करू’ अशी पाचतरी वाक्यं असावीत, असं सुचवलं. सभागृहाचे एसी आम्ही २४ अंशांवर ठेवू. २०२० पासून नवे एसी तेवढ्यावरच लावून कारखान्यातून येतात, आणि एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज उरते. टाकीला आम्ही स्विच बसवू. मोटार आम्ही दुपारी लावू. पंखे आम्ही बदलू. पाचवं वाक्य मुलींनी लिहिलं होतं: तळमजल्यावर आम्ही अभ्यासिका उघडू.

पुढे काय झालं तर थोडं झालं, थोडं राहिलं. फ्लोट स्विच आठ दिवसांत बसला. तो इतका स्वस्त होता की त्याला कुणाची सही लागली नाही. मोटार दुपारी लागते. पंख्यांची फाईल खरेदी समितीकडे आहे, आणि समितीच्या खोलीत ७५ वॅटचा पंखा फिरतो. एसीचा आकडा पाहुणे कोण आहेत यावर ठरतो. दहावी सूचना भिंतीवर लागली नाही, पण नियमावलीत अकराचा नियम तसाच आहे. मुलांच्या वसतिगृहात तो अजून नाही. अभ्यासिका मात्र उघडली. एक जुनी कोठाराची खोली, आठ ट्यूब, लांब टेबलं. रात्री दहा ते दोन.

मला ‘वीज वाचवा’ या शब्दांवर राग नाही. मी अखेर तेच लिहिलं. पण कुणाला तरी ‘कमी वापरा’ म्हणण्याआधी तो किती वापरतो ते विचारावं, एवढं मी त्या महिन्यात शिकले. बचतीचे उपदेश बहुतेक वेळा जिथे आधीच काटकसर आहे तिथेच जाऊन पोचतात, कारण तिथे ऐकून घेणारी माणसं असतात. एसीचं रिमोट ज्यांच्या हातात असतं ती माणसं भिंतीवरच्या सूचना वाचत नाहीत. त्या सूचना ती मंजूर करतात.

अभ्यासिकेचं वेगळं मीटर अन्नांनी दाराशीच बसवलं. शेवटी उठणारी मुलगी आकडा पाहून दारामागच्या छोट्या फळ्यावर लिहून ठेवते. मागच्या मंगळवारी मी सकाळी लवकर पोचले, तेव्हा तिथे तीन ओळी होत्या. वरची तेलुगूत, मधली कन्नडमध्ये, आणि खालची मराठीत: ‘काल रात्री ३४ जणी वाचल्या. वीज ०.६ युनिट.’